तारामतीनंतर

मामांचं मत ठाम आहे. दुर्गा खोटे यांची खरी कारकीर्द कोल्हापुरात 'अयोध्येचा राजा'नं सुरू झाली आणि पुण्यात 'अमर ज्योती'पाशी संपली. त्यापुढं उरलं ते प्रपंचासाठी केलेलं काम. मला हे अजिबात पटत नाही. माझ्या मते दुर्गाबाई नायिका होत्या ती वर्षं त्यांच्या कारकिर्दीचं प्रवेशद्वार होती, घर पुढं होतं.

मामा निवृत्त चित्रकला शिक्षक. आजोबा स्टुडिओत सेटचं सुतारकाम करायचे, त्यामुळे कोल्हापूरचा जुना सिनेमा हा त्यांच्या दृष्टीनं घरचाच विषय. मी नाटकांत आणि मालिकांत काम करते, चाळिशीला टेकले आहे. आमच्या या वादात कोण कुठल्या वयाचं आणि कुठल्या धंद्यातलं आहे याचा वाटा मोठा आहे, म्हणून एवढं सांगितलं. वाद लिहून काढते आहे त्याचं कारण निराळं. दुर्गाबाईंविषयी आपण दोन वाक्यांत बोलतो : 'अयोध्येचा राजा' या पहिल्या मराठी बोलपटाची नायिका, आणि 'मुघल-ए-आझम'मधली जोधाबाई. १९३२ आणि १९६० यांच्या मधली अठ्ठावीस वर्षं त्यात कुठं जातात कोण जाणे.

मामा : तू आधी 'अयोध्येचा राजा' डोळ्यांसमोर आण. 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, येऊन वर्षसुद्धा झालेलं नव्हतं. आवाज आणि चित्र एकदमच घ्यायचं. गाणं नटानं स्वतः म्हणायचं, तेही कॅमेऱ्यासमोर उभं राहून. आणि समोर हरिश्चंद्र कोण? गोविंदराव टेंबे! ज्यांचा जन्म संगीत नाटकात आणि पेटीवर गेला असा माणूस. त्यांच्यापुढं ही मुंबईची, कॅथीड्रल शाळेत आणि सेंट झेवियर्समध्ये शिकलेली, सॉलिसिटर लाडांची मुलगी. तरी तारामती बघताना तुझी नजर कुणाकडं जाते? बाजारात विकली गेलेली राणी, खरं मान खाली नाही. हे शांतारामबापूंनी शिकवलं असेल, नसेल, पण ते तिच्या अंगात होतं.

मी : होतं की. आणि त्याच्या आधी 'फरेबी जाल'ही होता, ते विसरू नका. १९३१ सालचा. त्यातली भूमिका एवढीशी, खरं चित्रपटाचं नाव खराब झालं आणि लोकांनी त्याचं खापर घराण्याच्या मुलीवर फोडलं. सासरची श्रीमंती बुडालेली, पदरात दोन लहान मुलं, शिकवण्या करून घर चालवत होत्या. काम हवं होतं म्हणून त्या तिथं गेल्या. तुम्ही पोटासाठी केलेलं काम म्हणून बाजूला काढता ना मामा, मग 'अयोध्येचा राजा'ही त्यातच घाला. सुरुवातच पोटापासून आहे.

मामा : गरजेपोटी सुरू करणं वेगळं आणि गरजेपोटी चालू ठेवणं वेगळं. 'मायामच्छिंद्र' बघ. त्याच वर्षी, इथंच. स्त्रीराज्याची राणी, शेजारी चित्ता. आजची कुठली नटी चित्त्याशेजारी एवढ्या सहज बसेल? चार वर्षांनी 'अमर ज्योती'तली सौदामिनी. कायद्यानं पोटचं पोर हिरावून घेतलं म्हणून समुद्रावर लूटमार करणारी बाई. १९३६ सालच्या हिंदी बोलपटात! तो व्हेनिसच्या महोत्सवापर्यंत गेला. अशी भूमिका त्यांना पुन्हा मिळाली? एक तरी सांग.

एक सांगण्याआधी मला मामांच्या बोलण्यातल्या दुसऱ्याच गोष्टीवर अडावं लागलं. ते दर वेळी म्हणतात, दुर्गाबाईंमुळं चांगल्या घरच्या मुलींना सिनेमाचं दार उघडलं. हे वाक्य पुस्तकांतही सगळीकडं आहे. मला ते टोचतं, आणि कोल्हापूरच्या माणसाच्या तोंडी तर फारच.

मी : मामा, आपल्याच गावात बाबूराव पेंटरांनी १९२० साली 'सैरंध्री' काढला. त्यात काम करणाऱ्या गुलाबबाई आणि अनसूयाबाई कोण होत्या? पडद्यासाठी त्यांची नावं कमलादेवी आणि सुशीलादेवी केली. त्याच्याही आधी, १९१३ साली, फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई होत्या. दार त्यांनी उघडलं. दुर्गाबाई खोटे आल्या तेव्हा आत बायका होत्याच, फक्त त्यांना कुणी मोजत नव्हतं.

मामा : मी त्यांचा अपमान करतोय असं म्हणतेस?

मी : तुम्ही करत नाही, ते वाक्य करतं. शिकलेल्या, नावाजलेल्या घरातली मुलगी आली म्हणून धंदा शुद्ध झाला, असं त्यातून निघतं. दुर्गाबाईंचं मोठेपण तिथं नाही.

मामा थोडे थांबले. मग म्हणाले, "व्हय. त्या बायकांचे फोटोसुद्धा नीट मिळत नाहीत." आणि आजोबांकडून ऐकलेलं सांगत राहिले : सेटवरच्या बायकांना नाटकवाल्या म्हणून गावात खोली मिळायची नाही, ओळखीच्या घरी सोय करावी लागायची. मामांची बाजू मला इथं फार जवळची वाटते. त्यांना कोल्हापूरचं श्रेय हवं आहे, आणि ते खोटंही नाही. 'प्रभात' १ जून १९२९ ला इथं उभी राहिली. दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी मूकपट इथं काढले, पहिला मराठी बोलपट इथं काढला, आणि १९३३ मध्ये कंपनी पुण्याला गेली. दुर्गाबाईंची अभिनेत्री म्हणून घडण झाली ती या अगदी थोड्या काळात, या गावच्या उन्हात. आपलं माणूस आपल्याकडं होतं तेव्हाच सर्वांत मोठं होतं, असं वाटणं मी समजू शकते. ते मान्य करणं मात्र मला जमत नाही.

मी : तुम्ही एक भूमिका मागितलीत, मी तीन सांगते. पण त्याआधी त्या मिळाल्या कशा ते बघा. त्या काळी नट कंपनीचा नोकर असायचा. महिन्याचा पगार, कंपनी सांगेल ते काम, दुसरीकडं पाऊल टाकायचं नाही. दुर्गाबाईंनी हे फार लवकर नाकारलं. लगेच कलकत्त्याला न्यू थिएटर्सच्या 'राजरानी मीरा'त, मग ईस्ट इंडिया फिल्म कंपनीच्या 'सीता'त पृथ्वीराज कपूर रामाच्या भूमिकेत आणि ह्या सीता. पुन्हा पुण्यात येऊन 'प्रभात'चाच 'अमर ज्योती'. म्हणजे तुमची लाडकी सौदामिनी बांधील नटीनं केलेली नाही. ज्या बाईनं कंपनीशी गाठ बांधून घेतली नव्हती तिनं ती केली. अमेरिकेत ऑलिव्हिया डी हॅविलंडला वॉर्नर ब्रदर्सशी असलेल्या करारातून सुटण्यासाठी १९४३ साली कोर्टात जावं लागलं, निकाल १९४४ ला लागला. तोपर्यंत दुर्गाबाई दहा वर्षं मोकळ्या काम करत होत्या.

मामा : कोर्टकचेरीशिवाय. कारण आपल्याकडं तेवढा घट्ट करारच नव्हता.

मी : करार सैल असेल, धाक सैल नव्हता. एकटी बाई, लहान मुलं, आणि ठरलेला पगार सोडून द्यायचा. मला आजही मालिकेचं काम सोडताना पोटात गोळा येतो.

हे मी पुस्तकी बोलत नव्हते. एकदा एका मालिकेच्या करारात दुसरं काहीच करायचं नाही अशी अट होती, आणि ठरलेले दिवस मात्र दर महिन्याला कमी होत गेले. घरभाडं त्या दिवसांवर होतं. कंपनीचा पगार सोडून कलकत्त्याची गाडी पकडणाऱ्या दुर्गाबाईंच्या धाडसाचं वजन मला तेव्हा कळलं. 'मी, दुर्गा खोटे' हे त्यांचं १९८२ चं आत्मचरित्र मी त्यानंतर पुन्हा वाचलं, आणि या खेपेला त्यातला पैसा वाचला : कुठून आला, कुठं गेला, कुणाच्या शिक्षणाला लागला.

मामा : बरं, तुझ्या तीन भूमिका सांग.

मी : 'पायाची दासी', १९४१. आचार्य अत्र्यांचा. वनमाला सून, दुर्गाबाई तिला छळणारी सासू. वय छत्तीस. त्या वयात सासू व्हायचं, तेही खाष्ट, म्हणजे नायिकेची खुर्ची आपल्या हातानं सोडून द्यायची. दुसरी, 'भरत मिलाप'मधली कैकेयी. या दोन्हींसाठी बंगालच्या पत्रकारांनी त्यांना सर्वोत्तम अभिनेत्री ठरवलं. सहायक नव्हे, सर्वोत्तम. तिसरी, १९४३ च्या 'पृथ्वीवल्लभ'मधली मृणालवती. सोहराब मोदींचा मुंज साखळदंडात, आणि त्याचा गर्व मोडायला निघालेली ही कठोर, व्रतस्थ बाई स्वतःच मोडत जाते. सौदामिनीला बाहेरचा शत्रू होता. मृणालवतीचा शत्रू तिच्याच आत आहे. अभिनयाच्या दृष्टीनं कोणतं काम अवघड?

मामांनी उत्तर दिलं नाही, पण हात वर करून मान्य केल्यासारखं केलं. मला वाटतं दुर्गाबाईंच्या मोठेपणाचा सांधा इथं आहे. तरुण दिसण्यावर चालणाऱ्या धंद्यात त्या दिसण्याची मुदत संपायच्या आधीच बाहेर पडल्या आणि सत्ता असलेल्या बायका रंगवू लागल्या. कैकेयी, मृणालवती, ती सासू, पुढं जोधाबाई : या साऱ्याजणी हुकूम करतात, चुकतात आणि चुकीची किंमत मोजतात. नुसत्या सोसत नाहीत.

मामा : मग ऐक आता माझं. १९४३ पर्यंत तुझं सगळं मान्य. पुढं काय? आई. मावशी. आजी. 'बॉबी'त आजी, 'अभिमान'मध्ये मावशी, 'कर्ज'मध्ये आई. 'बिदाई'ला फिल्मफेअर मिळालं, खरं ते आईच्या भूमिकेला आणि सहायक म्हणून. म्हणजे तू म्हणतेस ती मोकळी बाई, कुणाची नोकर नसलेली, तिला तीस वर्षं एकच काम मिळालं. मग मोकळेपणाचा उपयोग काय? करार त्यांच्या हातात होता, लेखणी दुसऱ्याच्या.

हा मामांचा सर्वांत खरा मुद्दा, आणि मी तो झटकून टाकू शकत नाही. चाळिशीतल्या बाईसाठी हिंदी सिनेमानं आईखेरीज काही लिहिलंच नाही. आपल्या सुलोचनाबाईंचं तेच झालं. खडकलाटची मुलगी कोल्हापूरला आली, भालजी पेंढारकरांच्या हाताखाली घडली, 'मीठ भाकर', 'वहिनींच्या बांगड्या' अशा चित्रपटांतून मराठी घराघरात पोचली. आणि हिंदीत? 'सुजाता'पासून जी आई झाली ती आईच राहिली.

मी : दोघींच्या आया मात्र सारख्या नाहीत मामा. सुलोचनाबाईंची आई क्षमा करते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं की प्रेक्षक हरतो. दुर्गाबाईंची आई प्रश्न विचारते. 'मुघल-ए-आझम'मध्ये पृथ्वीराजांचा अकबर एवढा गरजतो, पण त्याला तोडीस तोड असं माणूस त्या महालात एकच आहे, त्याची राणी. एकीकडं नवरा, एकीकडं मुलगा, आणि तिच्या आवाजात दयेची याचना कुठंच नाही. सव्वीस वर्षांपूर्वी हेच दोघं राम आणि सीता होते. ती जुनी बरोबरी इथं कामाला येते. आणि 'द हाउसहोल्डर' बघा. १९६३. जेम्स आयव्हरी या अमेरिकन दिग्दर्शकाचा पहिला कथापट. शशी कपूरची आई गावाहून येते आणि दोन खोल्यांच्या संसाराचा ताबा घेते. लीला नायडूची सून हवालदिल. त्यात दुर्गाबाई चक्क हसवतात. तीच आई, पण पाच प्रकारची.

मामा : पाच प्रकारे तेच करणं हे कौशल्य आहे, मोठेपण नव्हे. तू मला सोन्याचा पिंजरा दाखवू नकोस.

मी : मग पिंजऱ्याच्या बाहेर काय होतं ते बघू. नाटक.

इथं माझा आवाज चढतो, हे मला माहीत आहे. दुर्गाबाई मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांत काम करत होत्या, तेव्हा सिनेमातलं त्यांचं नाव पक्कं झालेलं होतं, आणि नाटकानं पैसा मिळणार नव्हता. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'त त्या आनंदीबाई. शिरवाडकरांनी 'मॅक्बेथ'वरून केलेल्या 'राजमुकुट'मध्ये नानासाहेब फाटकांसमोर त्या राणी. पन्नाशीच्या आसपासच्या बाईला सिनेमा आरतीचं तबक देत होता, तेव्हा रंगभूमी तिच्या हाती खंजीर देत होती. नवऱ्याला खुनाला प्रवृत्त करणारी बाई आणि पेशवाई उलथवू पाहणारी बाई. दोन्ही भूमिकांत महत्त्वाकांक्षा आहे, आणि ती बाईची आहे. १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीनं त्यांचा सन्मान केला.

मामा : मी ते पाहिलं नाही. तूही नाही. 'आलम आरा' हरवला, 'अयोध्येचा राजा' उरला, म्हणून मी तारामतीबद्दल बोलू शकतो. तुझी आनंदीबाई कुठं आहे? चार फोटो आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी.

मी : उरलं नाही म्हणून झालं नाही असं थोडंच? मी परवा गडहिंग्लजला प्रयोग केला, त्याचं काय उरलं? त्या रात्री जे समोर बसले होते त्यांच्यापाशी उरलं असेल.

मामा : तुझ्यापाशी काय उरलं?

मी : दुसऱ्या दिवशी मालिकेच्या सेटवर गेले तेव्हा आवाज जागेवर होता. जोधाबाईचा तो आवाज कुठून आला असेल असं तुम्हाला वाटतं? 'राजमुकुट' आधी, 'मुघल-ए-आझम' नंतर.

हे अनुमान माझं आहे, दुर्गाबाईंनी कुठं लिहिलेलं नाही. पण जो माणूस रोज बोलण्याचं काम करतो त्याला माइकला सवयीचा आवाज आणि शेवटच्या रांगेपर्यंत फेकलेला आवाज यांतला फरक ऐकू येतो. जोधाबाई कुजबुजते तेव्हाही तिच्या श्वासाचा पाया नाटकातला आहे.

मामांनी मग दूरदर्शनचा विषय काढला, आणि तोही हल्ला म्हणूनच. दुर्गाबाईंनी जाहिरातपट, माहितीपट, छोटे चित्रपट बनवणारी स्वतःची संस्था उभारली, पुढं तिचं नाव दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स. त्याच संस्थेनं १९८८ मध्ये 'वागले की दुनिया' आणली. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतला सामान्य माणूस, कुंदन शाह यांचं दिग्दर्शन, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर. देशभर लोकांनी ती प्रेमानं पाहिली. तेव्हा दुर्गाबाई त्र्याऐंशी वर्षांच्या होत्या. दादासाहेब फाळके पुरस्कार मिळून पाच वर्षं झाली होती.

मामा : लेखणी दुसऱ्याच्या हातात होती असं मी म्हणालो. आता ही संस्था त्यांची, पैसा त्यांचा. मग त्यांनी मालिका कुणावर काढली? एका कारकुनावर. मृणालवतीसारखी पन्नाशीची बाई मधोमध ठेवून त्यांनी का काही केलं नाही? तिकडं ल्युसिल बॉल सिनेमात दुय्यम भूमिका करून कंटाळली, दूरचित्रवाणीवर गेली, स्वतःची कंपनी काढली आणि मालिकेच्या मधोमध स्वतः उभी राहिली. १९५१ साली!

मी : तिच्याकडं १९५१ ला दूरचित्रवाणी होती. आपल्याकडं ती घरोघर पोचली तेव्हा दुर्गाबाई ऐंशीच्या घरात होत्या.

मामा : हे कारण झालं. उत्तर नव्हे.

खरंच नव्हे. मला या प्रश्नाचं उत्तर 'वागले'त सापडत नाही, आणि ओढूनताणून काढायचंही नाही. पन्नाशीच्या बाईची गोष्ट पडद्यावर सांगण्याचं काम पुढच्या बायकांनी केलं. त्यांतली एक त्यांच्याच घरातली होती. दुर्गाबाईंचा मुलगा हरिन याची पत्नी विजया, म्हणजे आपल्या विजया मेहता. हरिन अकाली गेले. विजयाबाईंनी 'रंगायन' उभी केली, आणि दूरदर्शनसाठी लक्ष्मीबाई टिळकांच्या आयुष्यावर 'स्मृतिचित्रे' केला : एक बाई, तिचं हट्टी मन, तिचं म्हातारपण, आणि गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत तिची. 'राव साहेब'मध्ये त्यांनी स्वतः मावशी रंगवली आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. मावशीच, पण ती कोपऱ्यात बसून ओवाळणारी नाही.

मामा : म्हणजे सासूला जमलं नाही ते सुनेनं केलं.

मी : असं मोजू नका ना. दुर्गाबाईंनी पन्नास वर्षांहून जास्त काळ कामात राहून दाखवलं. नायिका, खलनायिका, राणी, सासू, आजी, निर्माती. प्रत्येक वळणावर पुढं काय करायचं ते त्यांनी ठरवलं. १९३१ साली त्या कामाला लागल्या तेव्हा बाईची कारकीर्द म्हणजे चार-सहा वर्षं, पुढं लग्न किंवा विस्मरण. त्या माप बदलून गेल्या. विजयाबाईंना दिग्दर्शक व्हायचं सुचलं ते अशा जगात, जिथं म्हातारी नटी कामाला जाते हे रोजचं दृश्य होतं.

मामा : तुझ्या बोलण्यात कोल्हापूर कुठंच राहिलं नाही बघ.

मी : राहिलं की. ताठ मान इथं मिळाली, तुम्हीच म्हणालात. फक्त त्या ती घेऊन पुढं गेल्या.

मामांना हे आवडलं नाही, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. आपल्या गावानं सिनेमा घडवला आणि सिनेमा गाव सोडून गेला, हे दुःख त्यांच्या पिढीत खोल आहे. स्टुडिओच्या जागांचे वाद, ऑगस्ट २०२४ मध्ये जळालेलं केशवराव भोसले नाट्यगृह, त्या रात्री रस्त्यावर उभं राहून रडणारी माणसं : मामा त्यांतले एक होते, मीही होते. म्हणून तारामती त्यांना इथं, याच गावात हवी आहे. मी त्यांना ते सोडा म्हणणार नाही.

शेवटी त्यांनी मला सरळ विचारलं, "तुला आता आईचंच काम आलंय म्हणे. मुलगा झालेला नट तुझ्यापेक्षा किती लहान?"

"सहा वर्षांनी."

"घेणार?"

"घेतलं. पण करारात एक ओळ घालून घेतलीय. शनिवार-रविवार नाटकाचे, आणि दुसरीकडं काम करायला आडकाठी नाही."

"आणि संवाद कोण लिहितं?"

"त्यांचा लेखक."

"मग अर्धंच झालं," मामा म्हणाले, आणि त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. लेखकाला भेटायची वेळ मागितली आहे. आईला मुलाशी भांडायला एक प्रसंग द्या, एवढंच मागायचं ठरवलं आहे.